शके १९४५, मुक्काम तुलांबेन

माझे ओले बूट मी देवावर वाळत घातले होते. शेजारीच एक कुत्रं पाय ताणून झोपलेलं असल्यामुळे तो देव असेल असं मनातही आलं नाही.

झालं असं. बालीच्या ईशान्य किनाऱ्यावर तुलांबेन नावाचं गाव आहे, तिथे आम्ही डाइव्हिंगला गेलो होतो. पहिल्या दिवशी सकाळचा डाइव्ह करून परत आलो, तर होमस्टेच्या अंगणात चाफ्याखाली गुडघाभर उंचीचा एक दगड दिसला. काळ्यापांढऱ्या चौकटींचं कापड गुंडाळलेला, आणि नेमकं त्याच्यावरच छान ऊन. मला वाटलं बसायचं स्टूल असेल, वर टेबलक्लॉथ घातलाय. निओप्रीनचे बूट त्यावर पालथे घातले आणि चहाला गेले. परत आले तेव्हा आमचा गाईड ते बूट उचलून खाली ठेवत होता. एकेक करून, दोन्ही हातांनी, कुणाची तरी किमती वस्तू असावी तसे. मग नळावर हात धुतले, दगडापुढे जोडले, काहीतरी पुटपुटला आणि माझ्याकडे वळून हसत म्हणाला, "तिकडे ऊन जास्त आहे."

ओरडला असता तर बरं झालं असतं.

मला लागलं ते वेगळंच. त्या दगडाला शेंदूर फासलेला असता तर मी दहा फुटांवर चपला काढल्या असत्या. माझं आजोळ मालवण तालुक्यातलं आचरा. दगडात देव असतो हे मला कुणी शिकवायला नको. पण आपल्याकडे देवाचा दगड शेंदरावरून ओळखायचा आणि तिथे त्या चौकटीच्या कापडावरून. पोलेंग म्हणतात त्याला. झाडाला, मूर्तीला, खांबाला, शिळेला गुंडाळतात. काळं आणि पांढरं दोन्ही हवं, एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही, असं काहीसं गाईडनं नंतर सांगितलं. त्या दिवसापासून मला बालीभर पोलेंगच दिसायला लागलं.

गाईडचं नाव सांगून तसाही काही उपयोग नाही. बालीत बहुतेक घरांत मुलांची नावं जन्माच्या क्रमावरून ठेवतात. पहिला वायान, दुसरा मादे, तिसरा न्योमान, चौथा कतुत, आणि पाचवं झालं की पुन्हा वायान. किनाऱ्यावर उभं राहून "वायान!" अशी हाक मारली तर निम्मा किनारा वळून बघेल. आम्ही त्याला 'ब्ली' म्हणायचो, म्हणजे दादा. आमचे हवेचे सिलिंडर वाहणाऱ्या बायकांना 'इबू'. हे दोन शब्द पहिल्या संध्याकाळी पाठ केले, आणि पुढच्या आठ दिवसांत बाकी सगळ्या तयारीपेक्षा तेच जास्त उपयोगी पडले.

आम्ही पाच जण होतो. चौघांचं पाण्याशी नातं मालवण-तारकर्लीत जुळलेलं, पाचवे एक निवृत्त बँकवाले काका, साठीला डाइव्हिंग शिकलेले. या वयात चाळीस मिनिटं पाण्याखाली श्वास सांभाळणारा माणूस म्हणून मला त्यांचं कौतुकच आहे. पण काकांना बाली म्हणजे 'आपलंच' वाटत होतं, आणि सगळी गंमत तिथेच व्हायची. विमानतळाबाहेर ड्रायव्हर "ओम स्वस्त्यस्तु" म्हणाला तेव्हाच त्यांचे डोळे पाणावले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला कुठूनतरी स्पीकरवर त्रिसंध्येची प्रार्थना लागली. तिची सुरुवात गायत्री मंत्रानं होते, पण चाल आणि उच्चार बालीचे. काका ऐकत राहिले, आणि मग गाईडला शेजारी बसवून त्यांनी त्याचा उच्चार सुधारायला घेतला. "वारेन्यम नाही, वरेण्यम. ण. जीभ वर." तो बिचारा तीनदा म्हणाला, तिन्ही वेळा त्याच्या पद्धतीनं. शेवटी म्हणाला, "काका, माझी आजी असंच म्हणायची."

काका गप्प झाले. पण रात्री जेवताना डुकराच्या मांसावरून "हे कसले हिंदू" झालंच. मग तिसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याखालच्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या मंदिराचा विषय काढला. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांनाच आलेला असतो तो फोटो, शेवाळलेल्या मूर्ती आणि मधून पोहणारे मासे. ती जागा खरी आहे, पण ती वायव्येला पमुतेरानला, आणि तिचं वय पाच हजार नव्हे, दोन दशकांच्या आतबाहेर. प्रवाळ वाचवण्याच्या कामाचा एक भाग म्हणून गावकऱ्यांनी आणि डाइव्हवाल्यांनी २००५ च्या सुमारास मूर्ती आणि एक दरवाजा खाली उतरवला. एकेकाळी तिथे सुरुंग आणि सायनाइड वापरून मासेमारी चालायची. आज त्याच गावचे लोक राखण करतात. मला ही गोष्ट पाच हजार वर्षांच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठी वाटते. काकांना वाटली नाही.

हसतेय खरी, पण मी तरी काय वेगळं केलं होतं? अनोळखी देशात माणूस जपून पाय टाकतो. आम्ही 'आपल्या' घरात शिरल्यासारखे शिरलो आणि हाताला लागेल त्या दगडावर बूट ठेवले. आमच्याच होमस्टेतलं एक जर्मन जोडपं दर देवळाबाहेर सारोंग नीट नेसलंय ना, हे दोनदा विचारायचं. आम्ही कधी विचारलं नाही.

तुलांबेनला जग येतं ते एका बुडालेल्या जहाजासाठी. 'लिबर्टी' हे अमेरिकी सैन्याचं मालवाहू जहाज. जानेवारी १९४२ मध्ये लोंबोकच्या सामुद्रधुनीत जपानी पाणबुडीनं त्याच्यावर टॉर्पेडो सोडला. ओढून नेता नेता ते या किनाऱ्यावर आणून टेकवलं, माल उतरवला, आणि पुढची एकवीस वर्षं ते इथे नुसतं गंजत उभं होतं. मग १९६३ मध्ये आगुंग पर्वत फुटला आणि त्या हादऱ्यांनी जहाज किनाऱ्यावरून घसरून समुद्रात गेलं. आता ते पाच मीटरपासून तीस मीटरपर्यंत कुशीवर पडलंय, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. होडी लागत नाही, चालत पाण्यात शिरायचं.

पहाटे साडेपाचला आम्ही उतरलो. टॉर्चच्या उजेडात आधी नुसती काळी वाळू, आणि वाळूतून गवतासारख्या डोलणाऱ्या गार्डन ईल. जवळ गेलं की अख्खं शेत एकदम जमिनीत. मग एक भिंत समोर येते आणि ती भिंत नसून जहाजाची कड असते. बंपहेड पॅरटफिश कळपानं झोपतात तिथे. म्हशीएवढं कपाळ आणि दात असे की प्रवाळ फोडल्याचा कडाकड आवाज पाण्यात ऐकू येतो. आमच्यातल्या एकानं तोल सावरायला जहाजाच्या कडेला हात टेकला. ब्लीनं त्याचं मनगट धरून अलगद सोडवलं. डाइव्हरला हे आधीपासून माहीत असतं: हात लावायचा नाही, काही उचलायचं नाही, पायातल्या फिनचा फटका बसू द्यायचा नाही. पाण्याखाली आम्ही फार सभ्य माणसं असतो. वर आलो की बिघडतो.

वर आल्यावर मी ब्लीला जहाजाबद्दल भरपूर प्रश्न विचारले. लांबी किती, तोफ कुठली, माल काय होता. त्यानं उत्तरं दिली आणि मग आगुंगकडे बोट दाखवलं. बोट म्हणजे अंगठा. तर्जनी दाखवणं उद्धटपणाचं, म्हणून मूठ मिटून अंगठा पुढे करतात. म्हणाला, "तुम्ही लोक १९४२ विचारता. आमच्याकडे सगळे १९६३ सांगतात." त्या वर्षी हजाराहून जास्त माणसं मेली. शंभर वर्षांतून एकदा होणारा एकादश रुद्राचा मोठा विधी तेव्हा बेसाकीच्या देवळात चालू होता. पर्वत धुमसायला लागला तरी विधी थांबवला नाही. लाव्हा देवळाच्या बाजूनं गेला, देऊळ वाचलं, खालची गावं गेली. तिथी चुकली होती का, यावर बालीत अजून बोलतात म्हणे. आम्ही ज्या काळ्या गोट्यांवरून "आई गं, पाय!" करत चालत होतो, ते त्याच पर्वताचे तुकडे. आणि आम्ही गेलो तो मार्च २०२३, म्हणजे त्याला बरोबर साठ वर्षं झाली होती. गावात कुठे फलक नव्हता. असायला हवा होता असंही नाही.

त्याच गोट्यांवरून बायका सिलिंडर वाहतात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर सिलिंडर आडवा, कधी एकावर एक दोन. भरलेला एक सिलिंडर साधारण पंधरा किलोचा. पायात साध्या रबरी चपला. एका हातात कुणाचे तरी फिन, आणि दुसरा हात मोकळा. हो, मोकळा, डोक्यावरचं धरायला लागतच नाही. मी माझा सिलिंडर स्वतः उचलायला गेले. शहरी लाज म्हणा. माझ्याहून वयानं मोठी बाई माझं ओझं वाहते हे काही बघवेना. ती इबू थांबली, माझ्याकडे बघितलं, मग ब्लीकडे बघितलं. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की हे काम गावातल्या बायकांचं आहे, त्यांचं ठरलेलं आहे, आणि त्याचे पैसे त्यांचे आहेत. "तुम्ही उचललात तर तिला काय वाटेल? की तिनं काही चूक केली."

मी सिलिंडर खाली ठेवला. मला तेव्हाही पुरतं पटलं नव्हतं, आजही नाही. पंधरा किलो म्हणजे पंधरा किलो. पण माझं न पटणं तिच्या मजुरीतून वजा करायचा मला हक्क नव्हता.

न पटण्यावरून गोवा लावाह आठवतं. 'गोवा' म्हणजे गुहा (पणजीवाल्यांनी मनाला लावून घेऊ नये). वटवाघळांची गुहा आणि तिच्या तोंडाशी देऊळ. पडांगबाईला सकाळी डाइव्ह करून आम्ही तिकडे गेलो. दारात पाटी: पाळी चालू असलेल्या बायकांना प्रवेश नाही. माझी चालू होती. काही तासांपूर्वी मी समुद्रात वीस मीटर खाली जाऊन आले होते, समुद्राची काही तक्रार नव्हती.

२०१६ मध्ये शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका चढल्या तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते. आमच्या घरात कावळा शिवणं माझ्या आईनं बंद केलं, आजीशी भांडून. त्या भांडणाची पुण्याई गाठीशी असताना परदेशातल्या पाटीसमोर मी मुकाट थांबायचं? आत जाऊन कुणाला कळणार होतं? काकांनासुद्धा नाही. पण शिंगणापूरला मी माझ्या घरात भांडत होते. तिथल्या चुकीची मी वाटेकरी होते, म्हणून भांडायचा हक्कही होता. इथे मी तिकीट काढून आलेली बाई. इथलं भांडण इथल्या बायका भांडतील, किंवा नाही भांडणार. मी बाहेरच्या बाकावर बसले.

बाकावर आमचा ड्रायव्हरही होता. मला वाटलं हा रोजचाच, कंटाळला असेल. तर म्हणाला, गावात चुलता वारलाय, इतक्यात देवळात जाता येत नाही. मी म्हटलं, आमच्याकडेही असतं हे, सुतक म्हणतात. त्यानं शब्द दोनदा उच्चारून बघितला. मग दोघांनी मिळून भाजलेलं कणीस खाल्लं. एक पाळीवाली, एक सुतकवाला. माझं मत काही बदललं नाही, पण कणीस चांगलं होतं.

न्येपी म्हणजे बालीचं नवं वर्ष. तिच्या आधीच्या दिवसांत मलास्ती असते. देवळातल्या पवित्र वस्तू मिरवत समुद्रावर आणून शुद्ध करतात. आम्ही डाइव्ह संपवून पाच मीटरवर सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येण्याआधीच्या ठरलेल्या थांब्याला, थांबलो होतो. तीन मिनिटं झाली, ब्लीनं हातानंच सांगितलं, थांबा. आणखी तीन झाली. माझ्या सिलिंडरमध्ये हवा पुरेशी होती, पण पोटात गोळा आला, वर काय झालं असेल? मग तो आम्हाला पाण्याखालूनच बाजूला घेऊन गेला आणि बऱ्याच पुढे वर काढलं. डोकं बाहेर काढल्याबरोबर झांजा आणि घंटा ऐकू आल्या. आम्ही नेहमी जिथून निघायचो तिथे पांढऱ्या कपड्यांतली माणसं पाण्याकडे तोंड करून बसली होती, पिवळ्यापांढऱ्या छत्र्या, मागे नैवेद्याच्या उतरंडी. आम्ही ठरल्याप्रमाणे वर आलो असतो, तर पुजाऱ्याच्या बरोबर समोर पाच काळे बेडूक उगवले असते. कुणीतरी गोप्रो कॅमेरा काढला. ब्ली एवढंच म्हणाला, "आधी बसा. पुजाऱ्यापेक्षा उंच नको." आम्ही गोट्यांवर बसलो, सगळं गियर अंगावर ठेवून. अर्धा तास. गोप्रो बंदच राहिला. हात थरथरत होते म्हणून असेल.

त्या वर्षी न्येपी आली २२ मार्चला. आणि पाडवाही २२ मार्चला. त्यांचाही शकच, आपलाही शकच. दोघांचंही १९४५ लागत होतं. दर वर्षी असं जुळतंच असं नाही. २०२४ मध्ये त्यांचं नवं वर्ष ११ मार्चला लागलं आणि आपला पाडवा ९ एप्रिलला. अधिक महिन्याचा हिशेब वेगळा. पण त्या वर्षी जुळलं होतं, आणि काकांनी सामानातून गुढी आणली होती. तांब्या, खण, साखरेची माळ, सगळं.

न्येपीचे नियम चार: विस्तव-दिवा नाही, काम नाही, घराबाहेर पडणं नाही, करमणूक नाही. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत. विमानतळ चोवीस तास बंद. मोबाइलचं इंटरनेट बंद. समुद्र बंद. आदल्या संध्याकाळी मात्र कान किटतात. ओगोह-ओगोह नावाचे बांबू-कागदाचे प्रचंड राक्षस खांद्यावर घेऊन पोरं चौकाचौकात गरगर फिरवतात, घराघरातून भांडी बडवतात. शिमगाच. आणि पहाटे सगळं एकदम थांबतं. न्येपीच्या त्या बुधवारी रात्री रमजानची पहिली तरावीह, म्हणजे रात्रीची खास नमाजही होती. मुसलमान शेजाऱ्यांनी जवळच्या मशिदीत चालत जायचं आणि भोंगा लावायचा नाही, असं दोन्हीकडच्या मंडळींनी आधीच ठरवलं होतं.

आमच्यातला एक जण आदल्या रात्रीपर्यंत कुरकुरत होता. अख्खा दिवस फुकट, चार डाइव्ह बुडाले. गंमत म्हणजे परतीच्या विमानाआधी अठरा तास डाइव्ह करायचा नाही, हे तो निमूट पाळतो. अंगात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो, हे त्याला पटतं, कारण तो नियम मोडला तर सांधे बोलतात.

मला आचऱ्याची गावपळण आठवत होती. तीन-चार वर्षांनी एकदा रामेश्वराचा कौल होतो आणि अख्खं गाव वेशीबाहेर जातं, माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री. तीन दिवस, तीन रात्री. माळावर राहुट्या, तिथेच चुली, तिथेच भजनं. लहानपणी मी आजीला विचारायचे, आता घरात कोण आहे? ती म्हणायची, ज्यांचा गाव ते. न्येपीच्या दिवशी माणसं घरात लपतात, गावपळणीला घर सोडून जातात. गाव मोकळं करून द्यायचं, एवढं सारखं. तिथे वेशीपाशी कुणी पाहुणा "मी जरा आत जाऊन फोटो काढून येतो" म्हणाला असता, तर आजीनं काय केलं असतं ते मला माहीत आहे.

गुढीचं काय करायचं ते यजमानीण बाईंना विचारलं. या वेळी आधी विचारलं, आणि विचारलं काकांनीच. त्या बराच वेळ विचार करत होत्या. मग म्हणाल्या, खोलीत उभारा, बाहेरून दिसायला नको. निरांजन नाही, उदबत्ती नाही, घंटा नाही. आणि कडुनिंब हवाय म्हटल्यावर परसात गेल्या, एक डहाळी घेऊन आल्या. तिथे त्याला इंतारान म्हणतात. काकांनी टॉवेल वाळवायच्या काठीला खण बांधला, तांब्या पालथा घातला आणि पडदे ओढलेल्या खोलीत कपाटाला टेकवून गुढी उभी केली. आरती ओठांतल्या ओठांत म्हटली. काकांना मी इतक्या हळू आवाजात बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

दिवसभर काही झालं नाही. रात्री अंगणात आलो. खरं तर यायचं नव्हतं, पण बाई म्हणाल्या, अंगणापर्यंत चालेल. अमावस्या कालच संपलेली, दिवा एकही नाही, समोरचा हात दिसत नव्हता. वर मात्र इतके तारे की ओळखीचे तारे सापडेनात. बाहेरच्या रस्त्यावरून पेचालांग गेले, गावचे राखणदार, कमरेला पोलेंग. त्यांच्या चपलांचा आवाज आला आणि गेला. चाफ्याखालचा तो दगड दिसत नव्हता, पण तो कुठे आहे हे आता पाचही जणांना माहीत होतं. सगळे त्याला वळसा घालून बसले.

सकाळी सहाला फोन एकदम थडथडायला लागले. डोंबिवलीच्या स्वागतयात्रेचे व्हिडिओ, शेकड्यांनी. किनाऱ्यावर शेवटच्या डाइव्हची तयारी चालू होती, तिथेच ब्लीला एक दाखवला. फडके रोड, भगवे फेटे, ढोल-ताशा, आवाज फुटेस्तोवर. त्यानं तो पूर्ण बघितला, पुन्हा लावायला सांगितला, मग त्या इबूला हाक मारली. ती चुंबळ हातात घेऊनच आली. पडद्यावर नऊवारी नेसलेली एक पोरगी होती, कमरेला बांधलेला ढोल, घामानं निथळत, डोळे मिटून वाजवणारी. इबूनं फोन माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. ब्लीला काहीतरी विचारलं.

"विचारतेय, ते किती किलोचं असतं?"

मी म्हटलं, कल्पना नाही. तिनं मान हलवली, फोन परत दिला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि माझा सिलिंडर उचलला.